काकू, प्रोटीन कशात असतं?

नोव्हेंबर लागला की माझ्या फोनवर मुलांचे मेसेज वाढतात. दिवाळी होऊन गेलेली असते, जर्मनीत घड्याळं तासभर मागे सरकलेली असतात, साडेचारलाच अंधारायला लागतं आणि आमच्या नाशिकच्या सिडकोतला, पंचवटीतला, नाशिकरोडचा एकेक मुलगा तिकडच्या खोलीत बसून स्वतःला सुधारायला घेतो. "काकू, मी साखर सोडली." "काकू, मी साडेचारला उठतो हल्ली." "काकू, दिवसातून एकदाच जेवलं तर चालतं ना?" आणि हमखास येणारा प्रश्न, "काकू, प्रोटीन कशात असतं?"

मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. कॉलेजरोडच्या मुलांना मी बरीच वर्षं डबे पुरवले. गुडघ्यांनी तक्रार सुरू केली तसे डबे बंद केले आणि परदेशी शिकायला निघालेल्या मुलांचा स्वयंपाकाचा वर्ग इंदिरानगरच्या घरीच सुरू केला. मुलींनाही मी नाही म्हणत नाही, पण वर्ग भरतो तो मुलांनीच. पंचवीस वर्षांच्या इंजिनिअर मुलाला गॅस कोणत्या बाजूला फिरवला की बारीक होतो हे ठाऊक नसतं, याला तो जबाबदार नाही. त्याला आजवर स्वयंपाकघरातून "तू बाहेर बस" म्हणून हाकलणाऱ्या बायका जबाबदार आहेत, आणि त्यांच्यातल्याच काही जणी मग मला फोन करून विचारतात, "महिनाभरात शिकेल ना हो?"

पोरं जातात, पण नंबर राहतो. त्यामुळे तिकडे काय चाललंय ते मला बरंच कळतं. आईला सांगत नाहीत ते काकूला सांगतात, कारण काकू रडत नाही.

जर्मनीतच २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते. आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया वेगळे. जर्मनीला जाणाऱ्याला व्हिसासाठी तिकडच्या बँकेत वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवावे लागतात. २०२४ च्या सप्टेंबरपासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे आणि त्यातून महिन्याला ९९२ युरोच हातात येतात. म्युनिकसारख्या शहरात त्यातला मोठा वाटा खोलीच्या भाड्यातच जातो. म्हणजे बाहेर जेवणं हा प्रकार संपला. आयुष्यात पहिल्यांदा मुलगा एकटा राहतो, कधी उठायचं, काय खायचं, किती वाजता झोपायचं हे विचारणारं कोणी नाही, आणि हातात फोन. त्या फोनवर पिळदार दंडाचा कोणी तरी रोज सांगतो की तू आळशी आहेस, उद्यापासून असं कर.

मग सुरू होतात प्रयोग. वाचकांना हे प्रकार माहीत असतील-नसतील म्हणून थोडं सांगते.

सध्या जोरात आहे ते '७५ हार्ड'. अँडी फ्रिसेला नावाच्या अमेरिकन उद्योजकाने २०१९ साली ते काढलं. ७५ दिवस रोज दोनदा पाऊण-पाऊण तास व्यायाम, त्यातला एक उघड्यावरच, मग बाहेर बर्फ का पडेना. एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या वर पाणी. ठरवलेला आहार, दारू बंद, पुस्तकाची दहा पानं आणि रोज स्वतःचा एक फोटो. यातलं एक जरी चुकलं तरी पुन्हा पहिल्या दिवसापासून. दुसरा प्रकार थंड पाण्याच्या आंघोळीचा. विम हॉफ या डच माणसाने बर्फात बसून दाखवलं आणि जगभरची पोरं शॉवरखाली दात वाजवत उभी राहिली. तिसरा उपासाचा. १६ तास पोट रिकामं, ८ तासांत काय ते खायचं. हा आपल्याला नवा नाही. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानावरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दोन वेळा आणि प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवण्याचा प्रचार गावोगाव केला. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या आजोबांनी तो करून पाहिलाय. शिवाय साधा फोन वापरणं, खोलीतलं सामान कमी करणं, पहाटे उठणं, रोज डायरी लिहिणं हे सगळं आहेच.

यात वाईट काय? काहीच नाही. फक्त हे सगळं एकाच सोमवारी सुरू होतं, आणि पुढच्या सोमवारपर्यंत टिकत नाही.

सातपूरच्या एका मुलाने मला त्याची यादी पाठवली होती. कागद भिंतीवर चिकटवून फोटो काढलेला. पहाटे उठणं, थंड आंघोळ, ध्यान, जिम, साखर बंद, मैदा बंद, जर्मनचे शब्द, डायरी, दहा हजार पावलं, रात्री दहाला फोन बाजूला. तेरा-चौदा कलमं असावीत. मी विचारलं, जेवलास काय? म्हणाला, ओट्स. काल? ओट्स. परवा? "काकू, ओट्सच. वेळ कुठेय?"

मला अशा वेळी आमच्या सासूबाई आठवतात. आषाढी एकादशीच्या आधी त्या ठरवायच्या, यंदा कशाचा नेम. एखाद्या वर्षी कांदा-लसूण, एखाद्या वर्षी वांगं, एखाद्या वर्षी चपला न घालता देवळात जाणं, एकदा चहा. गोष्ट एकच. लासलगावच्या जिल्ह्यात राहून कांदा सोडायचा म्हणजे साधी गोष्ट नव्हे. कांदेनवमीला भजी, थालीपीठ, भरली कांद्याची भाजी पोटभर खाऊन घ्यायची आणि मग कार्तिकी एकादशीपर्यंत नाव नाही. घरातल्या सगळ्यांना माहीत, शेजारणींना माहीत, भाजीवालीलाही माहीत. कधी चुकून कांद्याचा घास पोटात गेला तर त्या नेम मोडला म्हणून आषाढापासून परत मोजत बसायच्या नाहीत. देवापुढे नाक घासायच्या, पैसा ठेवायच्या, उद्यापासून पुन्हा सुरू. आणि चार महिने झाले की नेम सुटायचा. सोडला म्हणून कोणी हसायचं नाही, कारण तो तेवढ्यापुरताच होता.

चातुर्मासाच्या नेमात जी अक्कल आहे ती त्या भिंतीवरच्या यादीत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. देवधर्माचं सोडा. एका वेळी एक गोष्ट, शेवटची तारीख ठरलेली, चार जणांना सांगितलेलं आणि चुकलं तर दुसऱ्या दिवशी पुढे चालू. परदेशात बसलेल्या पोराला मी एवढंच सांगते.

आता शिकलेली मुलं. नुसतं सासूबाईंचं नाव सांगून ऐकत नाहीत, 'स्टडी' लागतो. तर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता. प्रत्येकाने एकच नवी सवय निवडायची, जेवणाबरोबर फळ खाणं किंवा जेवणाआधी थोडं पळणं, असली साधी. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं. कोणाला १८ पुरतील, कोणाला २५४ लागतील असा हिशेब होता. एकवीस दिवसांत सवय लागते हे जे सगळीकडे ऐकू येतं ते मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकावरून आलं. नव्या चेहऱ्याची रुग्णाला सवय व्हायला निदान तीन आठवडे जातात, असं त्याचं निरीक्षण होतं. लोकांनी 'निदान' गाळलं. आणि लॅलीच्या अभ्यासातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. ते '७५ हार्ड'वाले पहिल्या दिवसावर परत पाठवतात ना, ती शिक्षा आहे. सवय लागायला तिची गरज नाही.

थंड पाण्याचंही तसंच. नेदरलँड्समध्ये तीन हजारांवर लोकांवर प्रयोग झाला, २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. नेहमीच्या गरम आंघोळीनंतर ३० ते ९० सेकंद थंड पाणी घेणाऱ्यांच्या आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी कमी झाल्या. पण आजारी असण्याचे दिवस मात्र कमी झाले नाहीत. म्हणजे सर्दी व्हायची तेवढी झालीच, फक्त माणसं तशीच कामावर गेली. फायदा नाही असं मी म्हणत नाही. ज्याला थंड पाण्याचं फारच कौतुक असेल त्याने माघात पहाटे रामकुंडावर यावं, तिथल्या म्हाताऱ्या बायका याचा व्हिडिओ काढत नाहीत.

परक्या देशात जाऊन स्वतःवर प्रयोग करण्याची खोड आजची नाही. सर्वांत गाजलेला नमुना म्हणजे मोहनदास गांधी. १८८८ साली लंडनला पोचले तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचे. त्यांनी आत्मकथेत स्वतःची जी फजिती लिहिली आहे ती माझ्या वर्गातल्या पोरांना मी आवर्जून सांगते. आधी साहेब बनायचं ठरवलं. बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा सूट शिवला, १९ शिलिंगची उंच टोपी घेतली, नाचाच्या वर्गाचे तीन पौंड भरले, ताल जमेना म्हणून कान तयार व्हावा यासाठी तीन पौंडांचं व्हायोलिन आणलं, वक्तृत्वाच्या शिक्षकाला एक गिनी दिली. हे सारं तीनेक महिने चाललं आणि मग त्यांनीच ते बंद केलं. त्यानंतर जे केलं ते टिकलं. पै-पैचा हिशेब लिहायला लागले, बसऐवजी रोज आठ-दहा मैल चालायला लागले, एका खोलीत आले, शेगडी आणली, सकाळी ओट्सची लापशी आणि कोको स्वतः करायला लागले. घरून येणारे मसाले आणि मिठाईसुद्धा बंद केली. तो त्यांचा प्रयोग, माझी त्याला संमती नाही.

पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट झाली होती. निघण्यापूर्वी आईसमोर, बेचरजी स्वामी नावाच्या जैन साधूच्या साक्षीने त्यांनी मद्य, मांस आणि स्त्रीसंग टाळण्याची शपथ घेतली होती. लंडनमध्ये घरमालकिणीचं अळणी उकडलेलं खाऊन ते अर्धपोटी राहिले, फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी खाणावळ सापडेपर्यंत तसेच हिंडले, पण शब्द मोडला नाही. एकट्याच्या जिद्दीने हे झालं असतं का? मला नाही वाटत. समोर आई होती म्हणून झालं. पुढे शाकाहारी मंडळात माणसं भेटली, मग ते आणखी सोपं गेलं.

अती केलं की काय होतं, त्याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०. येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिल्यावर त्यांना आपणही असं काही करायचं वेड लागलं. रोज चार-पाच तास चित्रपट बघायचे, उरलेल्या वेळात प्रयोग, झोप कशीबशी तीन तास. चाळिशी ओलांडलेला माणूस. डोळेच गेले. डॉ. प्रभाकरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले, सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत काम पाहून-शिकून एप्रिलमध्ये परतले. थोडे दिवस, पण काय शिकायचं ते पक्कं होतं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र'. मला त्यात दिसतात त्या सरस्वतीबाई. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं, उन्हात पांढरी चादर धरून उभं राहणं, हे सगळं त्यांनी केलं. पांडवलेण्याच्या पायथ्याशी दादासाहेबांचं स्मारक आहे. तिथे फिरायला गेलं की मी पोरांना म्हणते, यांच्यासारखं जागरण करायचं असेल तर आधी मागे सरस्वतीबाई आहेत का बघा. तुम्हाला तुमचा स्वयंपाक स्वतः करायचाय.

मागे माणसं लागतात, यासाठी आमचे महाजन बंधूही घ्या. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन, नाशिकचे डॉक्टर. २०१५ साली या जोडीने अमेरिकेची 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत जवळपास ४,८०० किलोमीटर सायकल, नऊ दिवसांच्या आत. ती स्पर्धा पुरी करणारी ती पहिली भारतीय टीम. त्यानंतर नाशकात सायकलींना जो बहर आला तो अजून ओसरलेला नाही, रविवारी पहाटे गंगापूर रोडला उभं राहून बघा. त्या शर्यतीचा नियमच असा की मागे गाड्यांमधून स्वतःची माणसं लागतात. खाणं देणारी, रस्ता सांगणारी, आता झोप म्हणणारी. फोनवरचे व्हिडिओ फक्त सायकलवरचा माणूस दाखवतात.

एक जण मला म्हणाला, "काकू, इथे मला कोणाचीच गरज नाही, मी स्वतःवर काम करतोय." मी त्याला विचारलं, शेवटचं कोणाबरोबर जेवलास? बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं.

इथे मला जरा स्पष्ट बोलायचंय. मुलगे 'मला एकटं वाटतंय' असं सांगत नाहीत. ते सांगतात, 'मी साखर सोडली.' नोव्हेंबरातल्या निम्म्या नेमांच्या खाली एकटेपणा असतो आणि थोडा काळोख. बर्लिनला डिसेंबरात दिवस साडेसात-पावणेआठ तासांचा असतो. नाशकात अगदी लहानात लहान दिवसही अकरा तासांच्या आसपास असतो. तिकडच्या हिवाळ्यातल्या उन्हाने अंगात ड जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही. ब्रिटनमध्ये तर सरकारी आरोग्य सेवाच सगळ्यांना शरद आणि हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करा म्हणते, सावळ्या-काळ्या त्वचेच्या लोकांना वर्षभर. आपला मुलगा गळून गेलाय, उठवत नाही, चिडचिड होते, तर त्याला शिस्तीची नाही, रक्ततपासणीची गरज असू शकते. जर्मनीत विद्यापीठांशी जोडलेल्या विद्यार्थी सेवा संस्थांत मानसिक समुपदेशनाची सोय असते. तिथे जाणं म्हणजे काही तरी भयंकर झालंय असं नाही. महिनोन्‌महिने झोप नाही, जेवण तुटलंय, कोणाशी बोलावंसं वाटत नाही, तर काकूला मेसेज न करता तिथे जावं. मधुमेहाची औषधं चालू असतील, किंवा आधीच वजन कमी असेल, तर उपासाचे प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नयेत. आणि जिममधला कोणी पावडर-इंजेक्शनची बाटली पुढे करेल तर तिथून सरळ घरी यावं.

विपश्यनेबद्दलही पोरं विचारतात. आपल्या इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र १९७६ पासूनचं. सत्यनारायण गोएंका मूळचे ब्रह्मदेशातले व्यापारी, डोकेदुखीपायी सयाजी उ बा खिन यांच्याकडे गेले आणि तिथून ही विद्या घेऊन १९६९ मध्ये भारतात आले. दहा दिवस मौन, पहाटे चारला घंटा, साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, फोन जमा. फी नाही, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर चालतं. आता जर्मनीत ट्रीबेलला, इंग्लंडात हेरेफर्डशरला, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला याच परंपरेची केंद्रं आहेत. मी इगतपुरीला एकदा जाऊन आलेय. कठीण आहे, पाय बधिर होतात, तिसऱ्या दिवशी पळून जावंसं वाटतं. पण तिथेही बघा, दहा दिवस म्हणजे दहाच, आणि शेजारी बसलेले शंभर जण तेच करतायत. ज्याला आधीच खूप उदास वाटतंय त्याने मात्र तिथे जाण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, विपश्यना हा उपचाराला पर्याय नाही.

बरं, प्रोटीन. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचा २०२० चा आकडा आहे, वजनाच्या दर किलोला दिवसाला ०.८३ ग्रॅम. सत्तर किलोच्या मुलाला ५८ ग्रॅम. रोज जड व्यायाम करणाऱ्याला अधिक लागतं, पण फोनवाले सांगतात तितकं नाही. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत २२ ग्रॅमच्या आसपास असतं, एका अंड्यात सहा, सोयाबीनच्या वड्यांमध्ये शंभरात पन्नासच्या वर. आणि जर्मनीत एक फार चांगली गोष्ट मिळते, मागरक्वार्क. अर्ध्या किलोचा डबा, स्वस्त, शंभर ग्रॅममध्ये बारा ग्रॅम प्रोटीन. जिमवाली पोरं तोच खातात. आमच्या पोरांनी उघडून पाहिला तर आत सरळ चक्का! साय काढलेल्या दुधाचा असल्यामुळे जरा रुक्ष असतो, म्हणून त्यात थोडी क्रीम, साखर, वेलची, केशर घालून फेटायचं. पाडव्याला एका मुलाने आपल्या वसतिगृहातल्या कोरियन आणि तुर्की पोरांना श्रीखंड खायला घातलं. साखर सोडली होती ना, विचारलं, तर म्हणाला, "सणाला चालतं." बरोबर उत्तर.

फोडणी हा मात्र तिकडे खरा परीक्षेचा पेपर. बाहेर पॅसेजमध्ये धुराचा अलार्म असतो, काही वसतिगृहांत तो थेट अग्निशमन दलाशी जोडलेला. फुकट गाडी आली तर बिल येऊ शकतं. काचेच्या विजेच्या शेगडीचा स्वभाव आपल्या गॅससारखा नाही. बंद केली तरी ती तापलेलीच राहते, त्यामुळे बटण फिरवून उपयोग नाही, भांडंच उचलून बाजूला ठेवायला लागतं. म्हणून मी वर्गात गॅस बंद करायला लावतच नाही, कढई उचलायला लावते. तेल बेताचं तापवायचं, मोहरीचा एकच दाणा टाकून बघायचा. तो तडतडला की बाकीची मोहरी, लगेच झाकण. आवाज थांबायच्या आत भांडं उतरवायचं, मग हिंग-हळद, आणि मिरची शेवटी, भाजीबरोबरच. मिरची आधी टाकलीत की खोकला अख्ख्या मजल्याला. इंडक्शन असेल तर भांड्याच्या बुडाला फ्रीजवरचा चुंबक लावून बघा. चिकटला तर चालेल, नाही तर घरचा ॲल्युमिनियमचा कुकर तिथे शोभेचा. आणि कुकरची शिट्टी होणार हे खोलीतल्या सोबत्यांना आधी सांगा.

मटकीला मोड येत नाहीत ही आणखी एक तक्रार. येतात. फडक्यात बांधून हीटरच्या शेजारी ठेवा, हीटरवर नको, नाही तर वास मारेल. मोड आले की अर्ध्याची उसळ, अर्ध्याची पाव आणि फरसाण शोधून मिसळ. रविवारची मिसळ हा मी नाशिकच्या पोरांना घालून दिलेला एकमेव सक्तीचा नेम, आणि तोही एकट्याने खायचा नाही. निदान एक माणूस बोलवायचा, कुठल्याही देशाचा. मला विचाराल तर ध्यान, डायरी, थंड पाणी या सगळ्यापेक्षा याचा उपयोग जास्त झालेला मी पाहिलाय. जर्मनीत ८० हजारांवर क्रीडा संघ आहेत, गावोगाव, अगदी कमी वर्गणीत. मंगळवारी बॅडमिंटन म्हणजे मंगळवारी बॅडमिंटन, न गेलात तर कोणी तरी विचारतं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासूनचं आहे. घरापासून दूर गेलेल्या माणसाला गणपतीची आरती आणि चार ओळखीचे चेहरे लागतात, हे तेव्हाच्या लोकांना कळलेलं होतं.

सातपूरच्या त्या मुलाचं मी काय केलं? यादी फाड म्हटलं नाही. म्हटलं, यातलं एक ठेव, होळीपर्यंत. त्याने विचार करून कळवलं, "रात्री रोज स्वतः शिजवून जेवेन." बाकीची सगळी कलमं त्याने तात्पुरती बाजूला ठेवली. भाजी आणायला बाहेर पडायला लागलं म्हणून चालणं झालं, शिजवायला वेळ लागतो म्हणून फोन खाली राहिला, दुसऱ्या दिवशीचा डबा आपसूक निघाला. पहाटे तो अजूनही उठत नाही. उठायची गरजही नाही, त्याचं लेक्चर दहाला असतं.

आईबापांना एक विनंती. मुलाच्या बॅगेत २३ किलो काय काय कोंबायचं याच्या याद्या तुम्ही करताच. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, हिंग, सगळं घाला. तूप, पेढे, खवा मात्र घालू नका, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून टाकतील. तिकडचं लोणी छान असतं, तूप कढवायला इथेच शिकवून पाठवा. व्हिसाची तारीख आली की त्या दिवसापासून रोज रात्रीचा स्वयंपाक त्याच्यावर सोपवा आणि तुम्ही बाहेर हॉलमध्ये बसा. कढई करपली तरी आत जाऊ नका.